तारीख जाहीर करण्याआधी खतावणी उघडून पाहावी

प्रति,
माननीय सहकार मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : नवी संगणक प्रणाली हाती घेण्यापूर्वीची व्यवहार्यता तपासणी

महोदय,

सविनय नमस्कार.

गावोगावच्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचा गटसचिव म्हणून, म्हणजे अशा काही संस्थांचे दफ्तर सांभाळणारा म्हणून, मी नोकरी केली आणि निवृत्त झालो. राज्याच्या दोन कर्जमाफी योजनांसाठी आमच्या सभासदांची माहिती मी स्वतः भरून दिली आहे. त्या कामात जे पाहिले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी आणि दीड लाखापर्यंतची माफी असे आकडे तेव्हा सांगितले गेले होते. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी ६६ रकान्यांच्या तक्त्यात आपली माहिती द्यायची आणि संगणकाने दोन्हींचा मेळ घालून पात्र नावे काढायची, अशी तिची रचना होती. लाभ मात्र कुटुंबाला द्यायचा होता आणि बँकेच्या दफ्तरात कुटुंब नावाची नोंदच नसते. खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, सभासद असतो, त्याचे पान असते, त्याची येणे बाकी असते. नवऱ्याचे पीककर्ज सोसायटीत आणि बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर ती दोघे एका घरातली आहेत हे गावाला ठाऊक असते, त्या दोन बँकांना नसते.

नावांचा प्रश्न याहून बिकट होता. अर्जावरचे नाव आधार कार्डावरून आलेले, तर खतावणीतले नाव कितीतरी वर्षांपूर्वी कुणा सचिवाने कानावर पडले तसे लिहिलेले. आमच्या एका संस्थेत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तंतोतंत सारखे असलेले तीन सभासद होते. त्यांना आम्ही वस्तीच्या नावाने ओळखत असू, पण ६६ रकान्यांत वस्तीसाठी जागा नव्हती. संस्थेत संगणक नसल्याने मी रात्री तालुक्याच्या गावी जाऊन माहिती भरत असे. तिथे एकाची बाकी दुसऱ्याच्या आधार क्रमांकापुढे पडली. ज्याचे नाव त्यामुळे मागे राहिले, तो म्हातारा माणूस कित्येक महिने दर आठवड्याला संस्थेच्या पायरीवर येऊन बसत असे. ते मला आजही विसरता येत नाही.

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. याद्यांमधल्या विसंगती त्यानंतर पुढे आल्या आणि पडताळणी पुन्हा करावी लागली. प्रणालीचा मुहूर्त आधी ठरला आणि माहिती जुळते की नाही हे नंतर पाहिले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. या दोन योजना वेगवेगळ्या सरकारांच्या असल्या, तरी मला पक्षांविषयी काही म्हणायचे नाही, फक्त रचनेतला फरक दाखवायचा आहे. दुसऱ्या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागवलाच नाही. निकष वैयक्तिक शेतकऱ्याचा, म्हणजे खतावणीत जो असतो त्याचाच, ठेवला. बँकांनी आधार जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती दिली, याद्या गावात लावल्या आणि शेतकऱ्याने अंगठा देऊन रक्कम मान्य आहे की नाही एवढेच सांगायचे होते. रक्कम अमान्य असल्यास तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जात असे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघालेली पहिली यादी केवळ ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची होती. चुका असत्या तर त्या तेवढ्या गावांतच सापडल्या असत्या. पुढे टाळेबंदीने काम रखडले आणि ज्यांच्या खात्याला आधार जोडलेला नव्हता त्यांची ओढाताण झाली, हेही खरे आहे. तरीही माझ्या संस्थांत या वेळी पायरीवर कुणी बसून राहिले नाही.

महोदय, व्यवहार्यता अहवालात यंत्रणेची क्षमता आणि खर्च यांची पाने भरलेली असतात. ज्या माणसाने माहिती भरायची त्याच्याकडे ती आहे का, असल्यास कोणत्या स्वरूपात आहे आणि ती तपासून घ्यायला त्याला किती दिवस लागतील, या प्रश्नांची उत्तरे मात्र माझ्या पाहण्यातल्या अहवालांत नव्हती. २०२२ मध्ये केंद्राने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आमच्यासारख्या गावपातळीवरच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि त्यात आपल्या राज्यातल्या संस्थाही आहेत. त्या कामाचेही मूळ दुखणे यंत्राचे नाही. जुन्या वह्यांची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा व नावे बाक्यांचा ताळा, जुळल्याशिवाय आरंभीची शिल्लक भरता येत नाही, आणि न जुळलेली तेरीज संगणकात गेली की ती चूक छापील होऊन बाहेर येते व लोक तिलाच खरे मानू लागतात.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या खात्याची कोणतीही नवी प्रणाली निविदेला जाण्यापूर्वी वेगवेगळ्या विभागांतल्या काही संस्थांची दफ्तरे प्रत्यक्ष उघडून पाहावीत, त्या पाहणीत गटसचिवांना आणि बँकेच्या तपासनिसांना बसवावे आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. ‘हे काम इतक्या दिवसांत होणार नाही’ असे लिहिण्याची मुभा तपासणी करणाऱ्याला लेखी आदेशाने मिळावी आणि योजनेची तारीख तो अहवाल वाचल्यानंतरच जाहीर व्हावी. अशा पाहणीसाठी माझी गरज भासल्यास मी कोणतेही मानधन न घेता, सांगाल त्या तालुक्यात येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गटसचिव