तो शब्द मीही वापरला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑफिसातल्या बायका उठसूट 'महिला कार्ड' काढतात, म्हणजे काही झालं की 'मी बाई आहे म्हणून असं वागता' म्हणतात, अशा अर्थाचं पत्र आपल्या सदरात वाचलं. ते कार्ड मी एकदा काढलेलं आहे, म्हणून लिहिते.

महापेच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होते. मी नवीनच मॅनेजर झाले होते आणि आपल्याला हे झेपत नाहीये, हे कुणाच्या लक्षात येईल या धास्तीत असायचे. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये माझ्याच टीममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, हा जीएसटीचा आकडा दोनदा धरला गेलाय." एक्सेलची ती ओळ त्याने पिवळी करून दाखवली. त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, "माझ्या जागी पुरुष असता तर असं बोलला असतास का?" सगळे चिडीचूप. पोरगा सॉरी म्हणून खाली बसला. त्यानंतर माझी चूक दाखवायला कुणी तोंड उघडलं नाही; पुढच्या दोन थेट ऑडिटरनेच काढल्या.

पण पत्रलेखकांनी एवढ्यावर खूश होऊ नये. त्याच ऑफिसात माझ्या मैत्रिणीची बढती साहेबांनी अडवली. कारण काय, तर "क्लोजिंगला रात्री थांबावं लागतं, घरी सासू चालवून घेईल का?" ती जाब विचारायला गेली, तर हसून म्हणाले, "आता केस करणार वाटतं?" घाबरट तेही होते, माझ्याइतकेच. फक्त त्यांनी तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच तो खोटा ठरवून टाकला.

आणि 'केस' म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं का? २०१३चा कायदा लैंगिक छळाविरुद्ध आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार तीन महिन्यांत करायची, आणि पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यातच लिहिलंय. नुसती बढती डावलल्याची तक्रार सहसा या समितीपुढे बसत नाही. ती न्यायची एचआरकडे. आमच्याकडे एचआर साहेबांच्याच डब्यात जेवायचं.

त्या मुलाची मी नंतर माफी मागितली. केबिनमध्ये बोलावून, दार लावून. बोलले मात्र होते चारचौघांत.

आपली,
एक वाचक, ऐरोली
(कृपया नाव छापू नये.)