मांडवाच्या वायरिंगबद्दल, सगळ्यांनी वाचा
सभासद मंडळी, रामबागेतल्या आपल्या गणपतीच्या मांडवाचं लाइट फिटिंग रविवारी सुरू होतंय म्हणून आधीच सांगून ठेवतोय, खांबावर आकडा टाकायचा नाही, अस्थायी कनेक्शनचा अर्ज दिलाय, मीटर लागल्यावरच लाइट. फ्यूज उडाला की जाड तार बांधून मोकळं व्हायचं ही सवय सोडा भाऊ, फ्यूज टिकतो पण वायर तापते आणि वर सगळा कापडाचा मांडव! २ किलोवॅटची शेगडी साधारण ९ अँपिअर खेचते, चहासाठी ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका. अर्थिंग हवंच, शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) बसवतोय, ती सारखी पडते म्हणून कोणी बायपास करू नये, पावसाचे दिवस, लोखंडी पाइप, करंट कुठे लीक होतोय ते आधी शोधा. नुसत्या एमसीबीवर (जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) भरवसा नको, माणसाला शॉक लागला तरी ती पडेलच असं नाही.

विजेचे इन्स्पेक्टर तपासायला आले तर हुज्जत नको, "वर फोन लावतो" तर अजिबात नको, पाकीटही नको. लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट बोर्डाजवळच्या फाइलीत आहे तो दाखवा आणि ते जे बदलायला सांगतील ते लिहून घ्या. फाइल घरी नेऊ नका, मागच्या वेळी कोणीतरी नेली होती.