आप्पांनी ट्रंक परत वर काढली

सांगली, 19 मे

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढं वाच. घरात सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच. आप्पांचं सांगायला बसलोय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

परवा दुपारी दोनला शेजारच्या काकूंचा फोन आला, आप्पा जिन्यात बसलेत, बोलत नाहीत. पळत आलो. मधल्या पायरीवर बसलेले, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. मलाच विचारतात, "कोण रं तू?" आणि मांडीवर आईच्या लुगड्यांची ती हिरवी ट्रंक. ओल्या पंच्यात गुंडाळून रिक्षात घातलं. ऊन लागलं होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. काल संध्याकाळी घरी आणलं. आल्या आल्या पहिला प्रश्न, "ट्रंक वर नेलीस का?"

आदल्या रात्री वळीव झोडपून गेला होता. तासाभरात गटार तुंबलं, बोळात घोट्याएवढं पाणी झालं. रात्री दोनला उठून बघतो तर दार सताड उघडं, आप्पा कंदील घेऊन पायऱ्या मोजतायत. सकाळी मोबाईलवर येलो अलर्ट आला. चार दिवस विजा, गडगडाट, ताशी 40 ते 50 किलोमीटरचा वारा. दुपारी चारपर्यंत चाळीस अंशांची भट्टी, त्यानंतर आभाळ. आप्पांनी त्यातला 'पाऊस' एवढाच शब्द घेतला आणि भर उन्हात खालचं सामान वर न्यायला लागले.

काल रात्री उशाशी बसून समजावलं. म्हटलं आप्पा, हा वळीव. दिवसभर तापलेल्या जमिनीवर ढग चढतो, दोन-चार गावांवर कोसळतो आणि मोकळा होतो. यानं नदी येत नाही. आयर्विन पुलाखाली आत्ता पाणी बघा किती खाली आहे. कृष्णा आपल्या दारात यायची तर महाबळेश्वर, नवजा, कोयनेला दिवसच्या दिवस धार लागावी लागते, 105 टीएमसीचं धरण भरून दरवाजे उचलावे लागतात, हरिपूरच्या संगमावर वारणेनं फुगवटा द्यावा लागतो. ते सगळं जुलै-ऑगस्टचं. मेमध्ये जीव सांभाळायचा तो उन्हापासून आणि विजेपासून.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तेव्हापण तू असंच समजावलं होतंस."

बाळ्या, मी उठून गच्चीवर गेलो.

ऑगस्ट 2019 तुला आठवतो. आयर्विनला 40 फूट झालं, इशारा पातळी, तेव्हाच तू म्हणालास निघूया. 45 ला, धोक्याच्या पातळीला, तू टेम्पो दारात आणून लावलास. आणि मी भिंतीवरची 2005 च्या पुराची गेरूची रेघ दाखवून तुझ्यावर ओरडलो, की याच्यावर पाणी येत नाही, माझ्या घरात मला शिकवू नकोस. पाणी 57 फुटांवर गेलं. दोन रात्री आपण गच्चीवर, एक भडंगाचं पाकीट आणि तुझं घोरणं. (बोटवाले त्या आवाजावरच आले, हे मी अजून सांगतो.) पण आईची निम्मी लुगडी, तिचा लग्नातला फोटो, हळदीची पोती, सगळं त्या गाळात गेलं. आप्पा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. 2021 च्या पुराला आम्ही वेळेत निघालो म्हणून ते मिटलं, असं मी धरून चाललो होतो. ते काल बाहेर आलं.

तुझं बरोबर होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पुढं वर्षभर आपण टेम्पोच्या भाड्यावरून भांडत बसलो, खरं भांडण हे होतं.

आता मला अंदाज वाचता येतो, रडार बघता येतं, पण "काही होत नाही आप्पा" एवढं वाक्य माझ्या तोंडून त्यांना पटत नाही. दुपारी मी दुकानात असतो. कोंडून घालू का त्यांना? ट्रंक मी वर ठेवली तर म्हणतात नीट ठेवली नसशील, आणि परत जिना चढतात.

म्हणून काल ठरवलं की त्यांना अडवायचं नाही. ऊन उतरल्यावर, सातनंतर, रोज दोघांनी मिळून एकेक वस्तू वर न्यायची, ती कुठं ठेवायची ते त्यांनी सांगायचं. विजा चमकायला लागल्या की थांबायचं. आज ट्रंक आणि पाटा-वरवंटा गेला. मृगापर्यंत खालची खोली रिकामी होईल. होऊ दे.

लेकीचा बारावीचा निकाल कळला, शाबास म्हणावं तिला. नागपूरचं ऊन आमच्यापेक्षा वाईट, तू दुपारी साईटवर जाऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

आणि आप्पांना फोन कर. तुझं ते ऐकतात, तू निघा म्हणाला होतास. दुपारी बारा ते पाच जिना चढायचा नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. सातनंतर कर. तेव्हा आम्ही दोघं जिन्यातच असतो.

तुझा,
पिंट्या