सूचना : इंडी (छोट्या, स्वतंत्र गटांनी बनवलेला) गेम घेण्याआधी

सभासदहो, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलात, तर पैसे परत मागता येतात. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ धरला जातो. म्हणून आधी डेमो बघा.

कोड्यांची आवड असेल तर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) चुकवूच नका. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं. उत्तरं तीन-तीन बरोबर आली की मगच पक्की होतात, त्यामुळे अंदाजपंचे भरत सुटू नका. बोलण्याची ढब, गणवेश, झोपायच्या झोळ्यांवरचे क्रमांक नीट पाहा.

‘सेलेस्ट’मधल्या उड्या जमेनात तर असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करणाऱ्या सेटिंगमध्ये) खेळाचा वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. मारामारीसाठी पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०), शक्यतो कंट्रोलरवर.