मॉरिशसचा अर्धा दिवस, आणि वाटेवरच राहून गेलेली आपली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही घरचे पाच जण मॉरिशसला जाऊन आलो, मी, मिस्टर, दोन्ही मुलं आणि माझी आई. मुंबईतल्याच एका टूर कंपनीचं पॅकेज होतं, बस भरून सगळे मराठी, दादर पार्ला ठाणे डोंबिवली असेच. हॉटेल चांगलं, जेवण चांगलं, समुद्र तर काय सांगायलाच नको, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला लिहायचंय ते फक्त अर्ध्या दिवसाबद्दल. आमच्या कार्यक्रमात एक दिवस लिहिलेलं होतं, 'बेटाच्या आतल्या भागाची सांस्कृतिक आणि निसर्गरम्य सहल, अर्धा दिवस'. परत आल्यावर ओळखीतल्या तीन-चार जणींना विचारलं, त्या वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर गेल्या होत्या, पण त्यांचाही हा अर्धा दिवस अगदी असाच गेला होता, म्हणून पेपरात लिहितेय.

आधी जे चांगलं होतं ते सांगते, कारण निसर्ग खरंच बघण्यासारखा आहे. सकाळी साडेआठला किनाऱ्यावरून निघालो तेव्हा घाम निथळत होता आणि वर क्युरपीपला पोचलो तर धुकं, झिमझिम पाऊस, आईने पिशवीतून शाल काढली. अख्खं बेट ज्वालामुखीतून तयार झालंय, त्यामुळे मधला भाग उंच पठार आणि कडेने उतार, आणि पाऊस सगळा वर अडतो. क्युरपीपला विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, तीनएकशे मीटर रुंद खड्डा, आत गच्च झाडी. पुढे ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या, तिथलं जंगल १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला खास ससाणा (मॉरिशस केस्ट्रेल) १९७४ च्या सुमाराला फक्त ४ उरला होता म्हणे आणि त्यातून तो परत वाढवला, हे गाईडने छान सांगितलं. माझ्या धाकट्याने तेवढं एक वहीत लिहून घेतलं.

पण आईचं लक्ष भलतीकडेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊसच ऊस आणि त्या उसाच्या मधे मधे काळ्या दगडांचे मोठे मोठे ढीग, नीट रचलेले, काही तर एक मजल्याएवढे उंच. आई कोकणातल्या संगमेश्वरकडची, तिकडे दगड रचून केलेल्या कुंपणाला गडगा म्हणतात, ती म्हणाली "अगं हे आपल्या गडग्यासारखं रचलंय, हे कोणी तरी हाताने केलंय." आणि ते खरंच हाताने केलेलं आहे! जमीन सगळी बेसाल्टच्या धोंड्यांनी भरलेली होती, ऊस लावायचा तर आधी धोंडे उचलायला हवेत, ते काम मजुरांनी केलं आणि त्या मजुरांमध्ये आपल्या कोकणातली माणसं होती. गाईड त्या ढिगांबद्दल एक शब्द बोलला नाही. बस तशीच पुढे गेली.

गिरमिटियांचा, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांचा इतिहास शाळेत दोन ओळींत येतो, म्हणून थोडं सांगते. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून मॉरिशसला नेली, गुलामगिरी बंद होत होती आणि मळ्यांना मजूर हवे होते. पाच वर्षांचा करार, महिना ५ रुपये पगार. बहुतेक लोक बिहार-यूपीकडचे कलकत्त्याहून गेले, काही मद्रासहून, आणि काही जहाजं आपल्या मुंबईहून सुटली, त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातले लोक होते. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्या १६ पायऱ्या अजून आहेत. त्यांच्या नोंदी आणि बऱ्याच जणांचे फोटोसुद्धा मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत, तिथे जाऊन लोक आपला पणजोबा शोधतात. बऱ्याच घरांत पणजोबाचं पहिलं नावच पुढे आडनाव होऊन गेलं, कारण साहेबाने कागदावर तेवढंच लिहिलं.

आता आमचा अर्धा दिवस कसा गेला बघा. क्युरपीपला लाकडी जहाजांची मॉडेल विकणारं दुकान, तिथे ५० मिनिटं. शामारेलला रमचा कारखाना, तिथे पाऊण तास, आमच्या बसमधले निम्मे लोक पीतही नाहीत. गंगा तलावाला २५ मिनिटं. म्हणजे 'सांस्कृतिक' म्हणून जे होतं ते २५ मिनिटं!

गंगा तलाव म्हणजे डोंगरावरचं ज्वालामुखीचंच तळं, तिथले लोक त्याला ग्रां बासँ पण म्हणतात. १९७२ साली आपल्याकडून गंगेचं पाणी नेऊन त्यात मिसळलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. १०८ फुटी शंकर आहे, तेवढीच उंच दुर्गा. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती, तळ्यावर ढग उतरले होते, घंटेचा आवाज आणि वारा, मला तिथून हलूच नये असं झालं होतं. आई पायऱ्या उतरताना जरा घसरली आणि "अगं बाई" म्हणाली. बाजूला एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, साधी सुती साडी, हातात फुलांचं ताट, त्या एकदम वळल्या आणि म्हणाल्या, "मराठी?"

त्यांचं मराठी थांबत थांबत येत होतं, मधे क्रिओल, म्हणजे तिथल्या बोलीभाषेतले शब्द, पण हेल ऐकाल तर कोकणातलाच. वाक्वाला राहतात. घरी पोरं सगळी क्रिओल बोलतात, नात शाळेत मराठी शिकते, तिथल्या सरकारी शाळांत मराठी विषय घेता येतो. घरात गणपती बसतो, मोदक करतात. त्यांना एवढंच माहीत होतं की खापरपणजोबा रत्नागिरीचे, गावाचं नाव गेलं. त्यांनी आईचा हात धरला तो सोडेनात. मग त्यांनी विचारलं, "कास्काव्हेलला गेलात का? हेन्रिएटाला?" मी म्हटलं नाही, तिथे काय आहे. त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. तेवढ्यात बसचा हॉर्न. आईने पर्समधली कुंकवाची डबी काढून त्यांना कुंकू लावलं, त्या वाकल्या, आई म्हणाली अहो तुम्ही माझ्याएवढ्याच आहात, वाकू नका, आणि मग आम्ही पळतच बसमध्ये.

कास्काव्हेल ऐकल्यावर मला आधी काही कळलंच नाही. मग आठवलं, अहो पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्हाला शॉपिंगला नेलं तो मॉल कास्काव्हेललाच तर आहे! आमच्या फ्लिक आँ फ्लाकच्या हॉटेलपासून अगदी जवळ, रोज येता-जाता बस तिथूनच वळायची. त्या गावात पिढ्यान् पिढ्या मराठी लोकांची वस्ती आहे, आणि आम्ही चाळीस मराठी माणसं तिथे दोन तास टीशर्ट बघत फिरलो आणि कोणी आम्हाला सांगितलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं, अजून वाटतंय.

आणि हेन्रिएटा. हे गाव वाक्वाच्या बाजूला पठारावरच, क्युरपीपहून फार लांब नाही. इथे एका मराठी कुटुंबाने १८९६ साली गणेश चतुर्थीची पूजा सुरू केली, मॉरिशसमधली पहिली म्हणून तिची नोंद आहे, आणि ती आजतागायत चालू आहे. १८९६ म्हणजे लोकमान्यांनी सार्वजनिक गणपती सुरू केला त्यानंतर तीनच वर्षं! आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. त्याच हेन्रिएटाहून तामारँचे धबधबे दिसतात, एकाखाली एक सात, खाली दरी आणि लांबवर समुद्र. म्हणजे निसर्गही तिथेच आणि संस्कृतीही तिथेच, कोणाला वेगळं काही शोधायलाच नको.

शामारेलबद्दल पण एक सांगायचंय. सप्तरंगी माती म्हणून प्रसिद्ध, आणि आहेच सुंदर, लाल, तपकिरी, जांभळी, पिवळसर अशा लाटा. ते होतं कसं तर बेसाल्ट कुजत कुजत त्याची माती होते, बाकीचं पावसाने वाहून जातं आणि लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, त्यांचे हे रंग. आई कुंपणाशी उभी राहून म्हणाली "ही तर आमच्या सड्यावरची माती." (सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार.) ती बरोबर होती, आपला जांभा पण साधारण असाच तयार होतो, काळ्या दगडातून, भरपूर पावसात. विचार करा, रत्नागिरीचा माणूस महिन्याभराच्या समुद्रप्रवासानंतर इथे आला आणि त्याला तसाच काळा दगड, तशीच लाल माती, तसाच धो धो पाऊस दिसला, त्याला काय वाटलं असेल. हे मराठी प्रवाशांना सांगणारा गाईड नको का? तो रंग कुठल्या फिल्टरने फोटोत चांगला येतो एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

बरं, ही माणसं आणि त्यांचं मराठीपण काही लपून राहिलेलं नाही. तिथल्या मराठी मंडळांचं फेडरेशन आहे, मोका इथे २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं, देवेंद्र फडणवीस गेले होते, बातम्या इथल्या सगळ्या पेपरात होत्या. जाकडी, ज्याला आपण मुंबईत बाल्या डान्स म्हणतो, ती तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. लालबाग-परळच्या चाळींत ज्यांनी गणपतीत बाल्या डान्स बघितलाय त्यांना हे ऐकून काय होईल ते मी वेगळं सांगायला नको, माझे वडील स्वतः नाचायचे.

टूर मॅनेजरला मी विचारलं तर म्हणाले "मॅडम अर्ध्या दिवसात बसत नाही." का बसत नाही? जहाजांच्या दुकानाची ५० मिनिटं काढा, हेन्रिएटा होतं. रमचा पाऊण तास काढा, परतीच्या वाटेवर कास्काव्हेल होतं. ज्यांना रम चाखायचीय त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा ना, कोण नाही म्हणतंय.

मात्र एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. हे करायचं तर नीट करा. चाळीस माणसं न सांगता कोणाच्या वस्तीत उतरवून दारादारात फोटो काढायला लावू नका. आधी तिथल्या मराठी मंडळाला फोन करा, त्यांना वेळ असेल त्या दिवशी जा, देवळात अर्धा तास बसा, त्यांना झाकरी दाखवायची असेल तर त्याचे पैसे पॅकेजमधून नीट द्या. आणि आपण प्रवाशांनी पण भान ठेवायला हवं. आमच्याच बसमध्ये दोघं जण म्हणाले की "त्या बाईंना धड मराठी पण येत नव्हतं." मला फार राग आला. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, मधे कोणी आलं नाही, पत्र नाही, चार पिढ्या उसात गेल्या आणि तरी ती बाई "अगं बाई" ऐकून वळली. आमची मुलं कांदिवलीत राहून घरात अर्धं इंग्लिश बोलतात.

तर मुंबईतल्या सगळ्या मराठी टूरवाल्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सीझनची पत्रकं छापताना त्या अर्ध्या दिवसात हेन्रिएटा आणि कास्काव्हेल ही दोन नावं घाला. आणि जे वाचक मॉरिशसचं बुकिंग करताय त्यांनी पैसे भरायच्या आधी ऑफिसमध्ये हे विचारा, दहा जणांनी विचारलं तर ते घालतील.

त्या बाईंचा नंबर घ्यायचा राहून गेला. आई रोज विचारते.

आपली,
एक वाचक, चारकोप, कांदिवली (पश्चिम), मुंबई