आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: माझ्या मुलाशी मराठीत कोण बोलणार?

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार,
सविनय नमस्कार.

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी सांगतेय, भाची टाईप करतेय. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता मी कॉम्प्युटरची वायर उपसली आणि मुलानं मला ढकललं. एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमा अर्धवट सुटलाय. सकाळचं आमटी-भाताचं ताट संध्याकाळपर्यंत कीबोर्डशेजारी सुकत पडतं. गेम सोडून उठायला नको म्हणून टेबलाखाली बाटली ठेवतो. कशासाठी, ते आईच्या तोंडून वदवू नका.

लोक म्हणतात, दोन कानाखाली ओढा. अहो, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलंय. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. माझ्या घरात यातलं काय नाही? मुळाशी नैराश्यही असू शकतं. यावर ठरलेली गोळी नाही. मुलाशी, घरच्यांशी बोलत बोलत, झोपेची घडी बसवत महिनोन्महिने उपचार चालतात.

म्हणजे औषध बोलण्याचंच! आणि माझा मुलगा मराठी शाळेत शिकलेला, कन्नड दुकानापुरतं येतं. आपल्या खात्यातल्या एका साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, गणपतीनंतर इथल्या सरकारी दवाखान्यात मराठी बोलणारा समुपदेशक बसेल. गणपती गेले, दिवाळी गेली. त्याच्यासाठीच्या खोलीला कुलूप, खिडकीतून सलाईनचे खोके दिसतात. माझ्या हातात कन्नड फॉर्म ठेवला आणि म्हणाले, बेंगळुरूला न्या. तिथल्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे, मान्य. पण खोलीबाहेर न येणारं पोर पाचशे किलोमीटर कसं न्यायचं, तेही पुन्हा पुन्हा?

२०१९ मध्येच इथल्या, बेळगावजवळच्या काकतीत मोबाईल गेमवरून मुलानं बापाचा जीव घेतला. त्यानंतर आमच्या गावात काय उभं राहिलं? बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनात अधिवेशनं भरतात, तिकडे महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. दोन्ही सरकारांना आमची जमीन हवी, आमची पोरं कुणालाच नकोत. मतं मागायला येता तेव्हा मराठी बोलणारी माणसं बरी मिळतात!

आठवड्यातून एक दिवस तरी त्या खोलीत मराठी बोलणारा समुपदेशक बसवा. फॉर्म मराठीतही द्या. आणि तारीख लेखी कळवा, तोंडी शब्द मी आता घेणार नाही.

बेळगाव जिल्ह्यातली एक आई