तोफेची किंमत कळली, देखभालीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एटॅग्स’ या स्वदेशी, लांब पल्ल्याच्या तोफेच्या बातम्या आपल्या दैनिकात आवर्जून येतात. पाषाणच्या ‘एआरडीई’ने (‘डीआरडीओ’ची शस्त्र-संशोधन संस्था) २०१३ मध्ये हाती घेतलेला प्रकल्प, मार्च २०२५ मधला सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार, त्यातल्या १८४ तोफा मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आणि उरलेल्या टाटांकडे, हे सारे आता पुणेकरांना तोंडपाठ झाले आहे. अभिमान वाटतोच. पण पल्ला किती, किंमत किती आणि तोफा कधी मिळणार, यापलीकडे बातमी जात नाही. सीमेवर ही तोफ बिघडली तर ती कोण, कुठे आणि कोणत्या हत्यारांनी उघडणार, हे कोणी विचारत नाही. माझी हयात पुण्याबाहेरच्या लष्करी वर्कशॉपांत गेली, त्यामुळे असेल, माझी नजर आधी तिकडेच जाते.

शस्त्राच्या आयुष्यभराच्या खर्चापैकी साधारण ७० टक्के खर्च ते वापरण्यावर आणि चालू ठेवण्यावर होतो, असे अमेरिकेचे सरकारी लेखापरीक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तो ठरतो मात्र फार आधी, आराखडा कागदावर असताना. टी-७२ रणगाड्याचेच घ्या. त्याचे इंजिन आडवे बसवलेले आहे, आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी जी पेटी असते तिला ‘गिटार’ म्हणतात. इंजिन बदलायचे तर वरचे झाकण उघडा, नळ्या-तारा सोडवा, क्रेनने इंजिन उचला, दुसरे उतरवा आणि मग ते गिटारशी केसभरही तिरके राहणार नाही असे जुळवत बसा. मुरलेल्या मेकॅनिकांचाही त्यात दिवस जातो. जर्मनांच्या लेपर्ड-२ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग असा सगळा गठ्ठा एकदम बाहेर येतो. तासाभराच्या आत काम उरकते. रशियन रणगाडा वाईट, असे मी म्हणत नाही. तो ठेंगणा आणि हलका ठेवायचा हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. त्याची भरपाई मेकॅनिकने केली, एवढेच.

आपल्याकडे देखभालीच्या चाचण्या होतात. ‘ईएमई’चे, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागाचे लोक यंत्र उघडतात, कुठला बोल्ट हाताला लागत नाही ते लिहून देतात. पण तोवर नमुना तयार झालेला असतो, वेळापत्रक आधीच लांबलेले असते आणि वापरणारी तुकडी डोळे लावून बसलेली असते. मग शेरा फाइलमध्ये राहतो आणि बोल्ट जिथल्या तिथे.

सुट्या भागांची गोष्ट याहून कटकटीची. अडलेल्या गाडीला आमच्या भाषेत ‘व्हीओआर’ म्हणतात. ती बहुतेक वेळा मोठ्या कारणाने अडलेली नसते. एखादे ऑइल सील, एखादा सेन्सर, एखादे बेअरिंग. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, गेलेला असतो, भाग येत नाही. मग शेजारच्या व्हीओआर गाडीचा भाग काढायचा, त्या जागी तारेने चिठ्ठी बांधायची आणि पहिली गाडी बाहेर काढायची. याचे नाव कॅनिबलायझेशन. एक गाडी चालू होते, दुसरीच्या अंगावर चिठ्ठ्या वाढत जातात आणि काही महिन्यांनी ती फक्त रजिस्टरमध्ये गाडी उरते. त्याच वेळी ज्या भागाला कोणी कधी हात लावत नाही तो स्टोअरमध्ये ढिगाने पडलेला असतो, कारण कारखान्याने खरेदीच्या वेळी दिलेल्या यादीत तो होता. रबरी सील तर रॅकवर पडूनच कडक होतात. काय लवकर झिजते याची आकडेवारी चाचण्यांपासूनच जमवली नाही तर यादी अंदाजपंचे होणार, दुसरे काय?

बोफोर्स या स्वीडिश तोफेचा करार १९८६ चा. दलालीचे प्रकरण उघड झाल्यावर कंपनीशी व्यवहार थांबले आणि सुटे भाग आटले. काही तोफा उघडून बाकीच्या चालू ठेवाव्या लागल्या, आणि १९९९ मध्ये कारगिलला भिस्त याच तोफेवर होती. रेखाचित्रे करारासोबतच आपल्याला मिळाली होती. ती खऱ्या अर्थाने कामी आली फार उशिरा, जबलपूरला त्यांवरून ‘धनुष’ तोफ घडवताना. मुंबईत बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, तीही तिच्यासाठी ठरवलेल्या टॉर्पेडोंविना.

अपवादही आहेत. सुखोई-३० चा ताफा निम्म्याहून थोडाच अधिक उड्डाणयोग्य राहतो, यावर ‘कॅग’ने २०१५ मध्ये बोट ठेवले. पुढच्याच वर्षी ३६ राफेल घेताना ताफ्यापैकी ७५ टक्के विमाने सज्ज ठेवण्याची हमी विक्रेत्याकडून लिहून घेतली गेली. त्याआधी १२६ विमानांच्या निविदेत एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त बोली, ठरवताना नुसती खरेदीची किंमत न पाहता आयुष्यभराचा खर्च धरला होता. तो सौदा फिसकटला, पण हिशेबाची रीत योग्य होती.

तोफेची नळी तर दारूगोळ्यासारखीच संपत जाणारी वस्तू आहे. जितका पल्ला लांब, तितकी चार्ज (गोळा फेकणारी दारू) जास्त, तितकी नळी लवकर झिजते. युक्रेनला दिलेल्या जर्मन पीझेडएच-२००० तोफा अखंड माऱ्याने थकू लागल्या, तेव्हा २०२२ अखेरीस त्यांच्यासाठी स्लोव्हाकियात दुरुस्ती केंद्र उभारावे लागले. ही तजवीज लढाई सुरू झाल्यावर झाली.

‘एटॅग्स’चे रचनाकार या बाबतीत जागरूक दिसतात. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेऐवजी पूर्ण विद्युत यंत्रणा घेतली आहे, ती देखभाल कमी लागावी म्हणूनच. गळक्या होजपाइपांशी झुंजलेला कोणीही याला दाद देईल. ओढणारी वाहनेही त्याच करारात घेतली, हेही उत्तम. मात्र तेलाची गळती डोळ्यांना दिसते, इलेक्ट्रॉनिक कार्डातला दोष दिसत नाही. त्याला टेस्ट सेट, म्हणजे दोष शोधणारे उपकरण, लागतो आणि तो चालवणारा जवान शिकवून तयार असावा लागतो.

पुण्यात तर सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. आराखडा पाषाणला, कारखाना मुंढव्याला, लष्कराचे बेस वर्कशॉप खडकीत, लष्करासाठी पूल बनवणारे संशोधक दिघीला. पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत एखादा अनुभवी फिटर बोलावून त्याच्यासमोर ड्रॉइंग पसरायला रिक्षाभाड्यापलीकडे खर्च नाही. त्याचे ऐकून घ्यायची तयारी मात्र हवी, आणि पदवीधरांच्या बैठकीत ती सहज आढळत नाही.

आपले वार्ताहर पुन्हा या तोफेबद्दल लिहितील तेव्हा त्यांनी जादा नळ्यांची मागणी तोफांसोबतच नोंदवली आहे का, हे विचारावे. टेस्ट सेट रेजिमेंटकडे असणार की दर वेळी कंपनीचा माणूस बोलवावा लागणार, आणि किती टक्के तोफा सज्ज हव्यात ही अट करारात आहे का, हेही विचारावे. आकडा गुप्त असेल तर राहू द्या. अट आहे की नाही, एवढे तरी सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, विश्रांतवाडी, पुणे